सोलरच्या प्लेटा म्हाताऱ्या कशा होतात?



आपल्या कार्यक्षेत्रात विहिरीच्या कडेला, बांधावर आता सोलरच्या निळ्या-काळ्या प्लेटा जागोजागी दिसतात. रात्रीच्या लाइटीची वाट बघत बसायचे, बॅटरी हातात धरून उसात पाणी धरायला जायचे, सापाची आणि बिबट्याची धास्ती मनात ठेवायची, हे ज्यांनी वर्षानुवर्षे सोसले त्यांना दिवसा पाणी मिळण्याची किंमत सांगायला नको. २०१९ साली केंद्र सरकारची कुसुम योजना आली. २०२४ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. तीत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा, अशी सोय झाली. त्यामुळे अनेक सभासदांच्या मळ्यात हे पंप आले.

पंप आला की प्रश्नही येतात. आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "प्लेटा किती वर्षं टिकतात?" आणि दुसरा, "तिसऱ्या वर्षीच पाणी बारीक झालं, प्लेटा गेल्या का?" या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एकत्र केली की नुकसान होते. कोणी चांगल्या प्लेटांना म्हाताऱ्या समजून त्यांच्याकडे पाठ फिरवतो. तर कोणी खरोखर बिघडलेल्या प्लेटेला "वय झालं असेल" म्हणून गप्प बसतो आणि दुरुस्तीच्या हमीची मुदत हातची घालवतो. म्हणून हा विषय आज सविस्तर मांडत आहोत.

वयाची घट किती असते?

प्लेटेत फिरणारा एकही भाग नाही. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांना सेल म्हणतात. त्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली असा पहिला उपयोगी सेल तयार झाला. तेव्हा तो उन्हातील सुमारे ६ टक्के शक्तीची वीज करी. आज बाजारातील चांगल्या प्लेटा २० टक्क्यांच्या वर करतात. सिलिकॉन स्वतः झिजत नाही, कुजत नाही. तरीही प्लेटेची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१२ साली जगभरच्या सुमारे २,००० नोंदी एकत्र करून पाहिल्या. त्यांतील मधली नोंद वर्षाला अर्धा टक्का घटीची निघाली. सरासरी मात्र ०.८ टक्क्याच्या आसपास आली. मधली नोंद आणि सरासरी यांत हा फरक का? तर बहुतेक प्लेटा सावकाश उतरतात, पण थोड्या प्लेटा फार वेगाने उतरतात आणि सरासरी वर ओढतात. आपली प्लेट कोणत्या गटात बसेल हे काही अंशी तिच्या बनावटीवर आणि काही अंशी आपल्या हाताळणीवर ठरते.

याशिवाय पहिल्या काही दिवसांच्या उन्हात नव्या प्लेटेची ताकद एकदाच १ ते ३ टक्के उतरू शकते. बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये हा प्रकार दिसतो. अलीकडच्या जातींत तो बराच कमी आहे. कंपन्या हमीपत्रात पहिल्या वर्षाची घट वेगळी आणि पुढची वेगळी लिहितात, ते यासाठीच.

आता हे टक्के आपण गुंठ्यांत मोजून पाहू. समजा, ५ एचपीचा पंप नवा असताना चांगल्या उन्हाच्या दिवशी १ लाख लिटर पाणी देतो. भर उन्हाळ्यात वाढीच्या उसाला ठिबकवर रोज सुमारे ७ मिलिमीटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला दिवसाला ७०० लिटर लागतात. म्हणजे या पंपावर १४३ गुंठे, साधारण साडेतीन एकर ऊस निघतो. पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा टक्का घट धरली, तर २५ वर्षांनी ८६ टक्के ताकद उरते. पाणी त्याच प्रमाणात घटले असे धरू. १४,००० लिटर कमी झाले; भागिले ७०० म्हणजे २० गुंठे. पंचवीस वर्षांत वीस गुंठ्यांचे पाणी गेले.

हीच घट वर्षाला १ टक्क्याने झाली, तर २५ वर्षांनी ७४ टक्केच ताकद उरेल आणि ३७ गुंठ्यांचे पाणी जाईल. अर्धा टक्का आणि एक टक्का ऐकायला सारखेच वाटतात, पण दोहोंत १७ गुंठे ऊस आहे.

विहीर खोल असेल तर हिशेब थोडा कडक धरावा. पाणी वर चढवायला पंपाला ठरावीक वेग लागतो. तो वेग येईपर्यंत मोटार फिरते, पण पाणी वर येत नाही. ताकद उतरलेल्या प्लेटांवर सकाळी पाणी उशिरा सुरू होते आणि संध्याकाळी लवकर थांबते. त्यामुळे विजेच्या घटीपेक्षा पाण्याची घट थोडी जास्त दिसते.

प्लेटेचे वय कशाने वाढते?

काच आणि सेल यांच्यामध्ये एक पारदर्शक चिकट थर असतो. बहुतेक प्लेटांत तो ई.व्ही.ए. नावाच्या प्लास्टिकचा असतो. पाठीमागे प्लास्टिकची पांढरी शीट असते. सेल एकमेकांना बारीक पट्ट्यांनी आणि डागाने जोडलेले असतात. म्हातारपण येते ते मुख्यतः या चिकट थराला, पाठीच्या शीटला आणि जोडांना.

पहिला शत्रू उष्णता. ऊन आणि उष्णता मिळून चिकट थर पिवळा, मग तपकिरी पडतो. त्यातून ऊन कमी जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानावर १९८० च्या दशकात मोठे सोलर केंद्र उभारले होते. ऊन वाढावे म्हणून तेथे प्लेटांच्या कडेला आरसे बसवले. वीज वाढली, पण उष्णताही वाढली आणि चिकट थर तपकिरी पडत गेला. पुढे ते केंद्र मोडून काढावे लागले. यावरून एक गोष्ट घ्यावी. प्लेटेखालून वारा खेळता राहिला पाहिजे. प्लेटांखाली कडबा, पाईपची भेंडोळी, खताची पोती रचून ठेवणे म्हणजे प्लेटेला गोधडी पांघरण्यासारखे आहे.

दुसरा शत्रू ओलावा. पाठीची शीट तडकली किंवा कडेने सुटली की पाण्याची वाफ आत जाते. ई.व्ही.ए.मधून थोडे आम्ल सुटते, ते जोडांना गंज आणते. मग सेलवरच्या बारीक रेषा काळपट दिसतात.

तिसरे कारण म्हणजे दिवसा तापणे व रात्री निवणे. हजारो वेळा असे झाले की जोड ढिले पडतात. सेल कागदासारखे पातळ, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी जाडीचे असतात. वाहतुकीत आदळआपट झाली किंवा बसवताना कोणी प्लेटेवर उभा राहिला, तर काच शाबूत राहते आणि आतला सेल तडकतो. ही तडक डोळ्यांना दिसत नाही, पण पुढच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांत वाढत जाते.

बनावटीचा फरक किती पडतो, याचा एक चांगला दाखला स्वित्झर्लंडमधील लुगानोचा आहे. तेथे १९८२ साली १० किलोवॅटचा संच बसवला. विजेच्या जाळ्याला जोडलेला तो युरोपातील पहिला संच. ३५ वर्षांनी प्लेटा तपासल्या तेव्हा सुमारे ७० टक्के प्लेटांची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या वर होती. सगळ्या प्लेटा एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या. पण आतल्या चिकट थराचे प्रकार वेगळे होते. काही प्लेटा अगदी सावकाश उतरल्या, काही तिप्पट वेगाने. बेणे एकाच शेतातले दिसले तरी डोळा बघून घ्यावा लागतो, तसेच हे आहे.

स्वित्झर्लंडचे ऊन आपल्या उन्हापेक्षा सौम्य, हे खरे. आपल्या देशात पवईच्या आय.आय.टी.तील सौर वीज संशोधन केंद्राने आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१३ पासून वेळोवेळी ठिकठिकाणच्या प्लेटांची पाहणी केली. उष्ण भागातील प्लेटा थंड भागापेक्षा लवकर उतरतात आणि मोठ्या केंद्रांपेक्षा छोट्या संचांतील प्लेटा जास्त उतरतात, असे तीत दिसले. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. मोठ्या केंद्रात माल पारखून घेतला जातो आणि बसवणीवर देखरेख असते. छोट्या संचाला ती मिळत नाही. ऊन आपण कमी करू शकत नाही, पण देखरेख आपल्या हातात आहे.

पाणी कमी झाले म्हणजे प्लेट म्हातारी झाली असे नव्हे

खोडव्याचे आपण नेहमी सांगतो. खोडव्याचा उतारा कमी येतो तो सगळाच खोडव्याचा दोष नसतो. लागणीला जेवढे खत-पाणी देतो तेवढे खोडव्याला देत नाही, हे मोठे कारण असते. प्लेटांचेही तसेच आहे. वर्षाला अर्धा टक्का घट डोळ्यांना दिसूच शकत नाही. २०० लिटरचे बॅरल नव्या पंपावर ५० सेकंदांत भरत असेल, तर वर्षभराच्या वयाने त्याला पाव सेकंद जास्त लागेल. दहा वर्षांनीही साधारण ५३ ते ५४ सेकंद. तिसऱ्या वर्षी बॅरलला ६५ सेकंद लागू लागले, तर कारण दुसरीकडे शोधावे.

पहिले कारण धूळ. आपल्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्याची धूळ, पाचट जाळल्याची काजळी आणि कारखान्याजवळच्या शिवारात बगॅसची बारीक राख, असे तिन्ही मिळून प्लेटेवर थर बसतो. दवाने तो भिजतो, उन्हाने वाळतो आणि खालच्या कडेला घट्ट चिकटतो. धुतल्यावर परत येणारी घट ही वयाची घट नव्हे.

दुसरे कारण सावली. हे उसाच्या मळ्यात विशेष घडते. पंप बसवताना शेत मोकळे असते किंवा लागण गुडघ्याएवढी असते. आडसाली ऊस कार्तिकापर्यंत डोक्याच्या वर जातो आणि सकाळ-संध्याकाळी त्याची सावली प्लेटांवर पडते. एका प्लेटेच्या कोपऱ्यावर सावली पडली तर तेवढ्याच कोपऱ्याचे नुकसान होते, असे समजू नये. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पाईपलाईनमध्ये एका जागी पाला अडकला की पुढचे सगळे पाणी अडते, तशी एक झाकलेला सेल ओळीतील वीज अडवतो. ती वीज बाजूने जावी म्हणून प्लेटेत बहुधा तीन डायोड असतात. मग तेवढा भाग बंद पडून बाकीचा चालतो. पण रोज त्याच जागी सावली पडत राहिली तर झाकलेला सेल तापतो, तेथे तपकिरी डाग पडतो, कधी पाठीची शीट करपते. म्हणजे सावली आज वीज कमी करते आणि उद्याचे आयुष्यही कमी करते. यासाठी प्लेटांच्या पूर्व व पश्चिम बाजूला किमान २० फूट आणि दक्षिणेला १० फूट उसाची सरी धरू नये. त्या पट्ट्यात भाजीपाला, भुईमूग, हरभरा असे बुटके पीक घ्यावे. जागा वाया जात नाही.

तिसरे कारण उन्हाळा. प्लेटेवर लिहिलेले वॅट हे प्लेट २५ अंश तपमानावर असतानाचे असतात. वैशाखात दुपारी प्लेट ६० अंशांपर्यंत तापते. दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के ताकद उतरते. ३५ अंश जास्त म्हणजे १२ ते १४ टक्के कमी. पावसाळ्यानंतर ही ताकद पुन्हा दिसते. त्यामुळे मे महिन्याची तुलना जानेवारीशी करू नये.

चौथे कारण प्लेटांचे नाहीच. विहिरीची पातळी खाली जाते, पंपाचे पंखे गाळाने झिजतात, फूटव्हॉल्व्ह गळतो, ठिबकच्या फिल्टरमध्ये घाण साचते. पाणी कमी आले की बिचाऱ्या प्लेटेवर बोट ठेवले जाते.

संक्रांतीची नोंद

खरे कारण ओळखायचे तर वर्षाला एक नोंद पुरे. आम्ही त्यासाठी मकर संक्रांतीचा आठवडा सुचवतो. आभाळ बहुधा निरभ्र असते, हवा थंड असते आणि दरवर्षी सूर्य त्याच उंचीवर असतो. नोंद अशी करावी :

१) आदल्या संध्याकाळी प्लेटा स्वच्छ धुवाव्यात. विहिरीतील पाण्याची पातळी दोरीने मोजून लिहावी.

२) दुपारी १२ ते १ च्या दरम्यान ठिबक बंद करून पाणी थेट बॅरलमध्ये सोडावे. २०० लिटरचे बॅरल किती सेकंदांत भरते ते तीनदा मोजून सरासरी काढावी.

३) कंट्रोलरच्या पडद्यावरील व्होल्ट, अँपिअर आणि वॅट त्याच वेळी लिहून घ्यावेत.

४) प्लेटा समोरून व पाठीमागून पाहाव्यात. पिवळेपणा, तपकिरी डाग, काळपट रेषा, फुगवटा, पाठीच्या शीटला तडे, जंक्शन बॉक्सजवळ करपल्याची खूण असेल तर लिहावे.

पुढच्या वर्षी हीच नोंद शेजारी ठेवली की बरेच कळते. वॅट तेवढेच आणि बॅरल मात्र उशिरा भरते, तर दोष पंपात, पाइपात किंवा विहिरीच्या पातळीत. अँपिअर उतरले तर धूळ, सावली किंवा पिवळेपणा. व्होल्ट एकदम घसरले तर एखादी प्लेट, डायोड किंवा जोड गेला असण्याचा संभव. म्हातारपण पायरी-पायरीने येते. एकदम पडलेली घट हा बिघाड असतो आणि बिघाड हमीत दाखवता येतो.

काय करावे, काय टाळावे

प्लेटा पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, गार असताना धुवाव्यात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास काच तडकू शकते. मऊ कापड किंवा स्पंजच वापरावा. राख, वाळू, काथ्या, भांड्याची पावडर लावू नये. काचेवर ओरखडे पडतात ते कायमचे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर काचेवर पांढरे डाग बसतात. अशा वेळी पाटाचे किंवा पावसाचे पाणी घ्यावे, नाहीतर धुतल्यावर लगेच पुसून कोरडे करावे. गळीत हंगामात पंधरवड्यातून एकदा धुणे बरे. पावसाळ्यात फारशी गरज पडत नाही.

प्लेटेवर पाय देऊ नये, टेकून शिडी लावू नये. वायरी लोंबत्या ठेवू नयेत; उंदीर-घुशी आणि उसाची पाती दोन्ही त्यांना घासतात. ऊन असेपर्यंत प्लेटेत वीज असते, ती बटण बंद केल्याने जात नाही. म्हणून जोड स्वतः उघडू नयेत. ठिणगी पडून भाजण्याचा धोका असतो. प्लेटांजवळ पाचट पेटवू नये. खरे तर कोठेच पेटवू नये.

कागद जपून ठेवावेत. 'मागेल त्याला' योजनेत ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. प्लेटांची ताकदीची हमी बहुधा २५ वर्षांची असते. प्रत्येक प्लेटेचा नंबर वहीत लिहून ठेवावा, फोटो काढून ठेवावा. पाचवे वर्ष संपण्याआधीच्या संक्रांतीला नोंद विशेष बारकाईने करावी आणि तक्रार असेल ती लेखी द्यावी, पोच घ्यावी.

आणखी एक लक्षात घ्यावे. २५ वर्षे ही हमीची मुदत आहे, प्लेटेच्या मरणाची तारीख नव्हे. ८० टक्क्यांवर आलेली प्लेटही वीज देतच राहते. पंप आणि कंट्रोलर बहुधा तिच्याआधी बदलावे लागतात. त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकणे शहाणपणाचे. प्लेट अगदीच निकामी झाली तर बांधाला टाकू नये, फोडू नये. आतल्या डागात शिसे असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटांचाही समावेश झाला आहे. त्या पुरवठादाराकडे किंवा अधिकृत संकलकाकडेच द्याव्यात.

राहिला प्रश्न त्या वीस गुंठ्यांचा. वयाने जाणारे पाणी आपण थांबवू शकत नाही, पण ते सावकाश जाते आणि आपल्याला तयारीला वेळ देते. पाचटाचे आच्छादन केले, ठिबकच्या लॅटरल वेळेवर धुतल्या, गळती बंद केली, तर तेवढे पाणी जमिनीतच वाचते. प्लेट म्हातारी होईल तसा मळा पाण्यात काटकसरी होत जावा, हाच हिशेब धरावा.

ज्या सभासदांकडे सोलर पंप आहेत त्यांनी येत्या संक्रांतीला पहिली नोंद अवश्य करावी आणि ती वही आपल्या गट ऑफिसात आमच्या कर्मचाऱ्यांना दाखवावी. ज्यांचा पंप अजून यायचा आहे त्यांनी जागा ठरवण्याआधी पूर्वेला, पश्चिमेला आणि दक्षिणेला बारा फूट ऊस उभा आहे असे डोळ्यांसमोर आणावे आणि मगच खड्डे घ्यावेत.

— ऊस विकास विभाग